व्हिक्टोरियन चित्रसाप्ताहिकांतील ऐतिहासिक वैज्ञानिक उपकरणे

राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत (१८३७–१९०१) ब्रिटनमधील सचित्र साप्ताहिकांनी छापलेली, थोर शास्त्रज्ञांच्या हातातल्या जुन्या उपकरणांची चित्रे. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ १४ मे १८४२ रोजी निघाले. पहिल्या अंकात १६ पाने व ३२ चित्रे होती आणि किंमत सहा पेन्स. १८६९ मध्ये ‘द ग्राफिक’ त्याच्या स्पर्धेत उतरले.

अशा चित्रांना मोठे निमित्त मिळाले ते १८७६ साली. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात देशोदेशींहून उसनी आणलेली वैज्ञानिक उपकरणे प्रदर्शनात मांडली गेली. गॅलिलिओची दुर्बीण, न्यूटनच्या नावाची परावर्ती (भिंगाऐवजी आरशाने प्रकाश गोळा करणारी) दुर्बीण, स्टीफन्सन पितापुत्रांचे १८२९ चे ‘रॉकेट’ इंजिन अशा वस्तू लोकांना जवळून पाहता आल्या. संतांच्या पादुका जपाव्यात त्या भावनेने इंग्रजी वृत्तपत्रे या वस्तूंबद्दल लिहीत, आणि चित्रांतही तो भाव उतरला आहे.

ही चित्रे बॉक्सवुड या अत्यंत घट्ट लाकडाच्या आडव्या छेदावर कोरत. जिथे कागद पांढरा राहायला हवा तेवढाच भाग कोरून काढायचा. उरलेल्या उठावाला शाई लागे. ठशाची उंची छापखान्यातील खिळ्यांएवढी (अक्षरांच्या धातूच्या ठशांएवढी) असल्याने मजकूर व चित्र एकाच दाबात छापले जाई. बॉक्सवुडचे खोड बारीक असते, म्हणून मोठ्या चित्रासाठी अनेक ठोकळे बोल्टांनी जोडत. घाई असली की ते सुटे करून निरनिराळ्या कारागिरांना वाटत आणि सांध्यावरच्या रेघा शेवटी एकजण जुळवून घेई. जुना अंक हाती आला तर भिंगातून पाहावे: पितळी नळीच्या गोलाईवरून जाणाऱ्या समांतर रेघा मध्येच एका केसाएवढ्या पांढऱ्या फटीने तुटलेल्या दिसतात. तो ठोकळ्यांचा सांधा. हे कौशल्य ज्यांचे, त्यांची नावे बहुधा छापलीच गेली नाहीत, याची खंत वाटते.

पुरावा म्हणून ही चित्रे मोलाची असली, तरी मापासाठी त्यांच्यावर विसंबू नये. एका पानावर अनेक वस्तू रचताना चित्रकार प्रमाण सोडून देत. वीतभर दुर्बीण आणि अख्खे इंजिन शेजारी सारख्याच आकाराचे दिसू शकते. मथळ्यातील श्रेयही तपासून घ्यावे. रॉयल सोसायटी या लंडनमधील विज्ञानसंस्थेकडील दुर्बीण न्यूटनने १६७१ मध्ये स्वहस्ते बनवली, असे तिच्या बैठकीवर कोरलेले आहे. अभ्यासकांना मात्र तिचे सगळे भाग त्या काळचे वाटत नाहीत.

प्रदर्शनातील बऱ्याच वस्तू लंडनमध्येच राहिल्या व पुढे सायन्स म्युझियमच्या संग्रहात गेल्या. १८८० नंतर छायाचित्रावरून बनवलेले, बारीक ठिपक्यांचे जाळीदार ठसे आले आणि शतक संपेपर्यंत साप्ताहिकांतले हातकोरीव ठसे मागे पडले.