पोटातली धमनी आतून फाटते तेव्हा

आपल्याकडे गोव्यात कुणाच्या पोटात अचानक कळ आली की घरात दोनच निदानं होतात: गॅस झाला, नाहीतर बेंबी सरकली. मग ओवा, सोडा, सोलकढी. तेवढ्याने भागलं नाही तर पोट चोळून देणारं कुणीतरी. बरीचशी दुखणी आपसूक थांबतात आणि श्रेय चोळणाऱ्याला मिळतं. बेंबी कुठे सरकत नाही, ती जन्माच्या वेळच्या नाळेची खूण आहे. दुखण्याचं कारण कळलेलं नसताना पोट दाबत बसणं धोक्याचं आहे, कारण क्वचित आत धमनी फाटलेली असते.

धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. आत पातळ गुळगुळीत अस्तर, मध्ये स्नायू आणि लवचीक तंतू, बाहेर चिवट वेष्टन. अस्तराला चीर पडली की रक्त मधल्या थरात घुसतं आणि थर सोलत पुढे जातं. एकाच नळीत दोन पोकळ्या होतात, एक खरी आणि एक भिंतीतली खोटी. याला डिसेक्शन म्हणतात. महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य धमनी, धडधाकट असताना पोटातल्या तिच्या एखाद्या शाखेलाच असं होणं दुर्मीळ. झालंच तर बहुधा सुपिरिअर मेझेंटेरिक आर्टरीला, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातल्या ‘एसएमए’ला. लहान आतडं आणि मोठ्या आतड्याचा बराच भाग हिच्या रक्तावर जगतो. बाउअर्सफेल्ड यांनी 1947 साली या दुखण्याची नोंद केली.

मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते चीर पडण्याचं ठिकाण. ती कुठेही पडत नाही. बहुतेक वेळा उगमापासून 1.5 ते 3 सेंटिमीटरवर, पुढच्या भिंतीत पडते. एसएमएचा सुरुवातीचा भाग स्वादुपिंडामागे घट्ट बसलेला असतो. तिथून बाहेर पडून ती बाक घेते आणि आतड्यांच्या पडद्यात शिरते, तिथे मात्र ती आतड्यांबरोबर हलत असते. कुळागरात पंपाला क्लॅम्पने आवळलेला पाइप नेमका क्लॅम्पच्या तोंडाशीच चिरतो, तसंच हे. हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देतं आणि प्रत्येक ठोक्याला त्या बाकावर ताण येतो. त्यात रक्तदाब वाढलेला असेल, सिगारेट चालू असेल, तर अस्तर लवकर हार मानतं. पन्नाशीच्या आसपासचे पुरुष यात जास्त सापडतात.

पुढचा भाग निव्वळ भौतिकशास्त्राचा आहे. खोट्या पोकळीत रक्त शिरतं, पण कित्येकदा त्याला बाहेर पडायला दुसरी वाट नसते. ती फुगते आणि खऱ्या पोकळीला दाबते. प्वाझय यांच्या नियमानुसार नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी झाली आणि दाब तोच राहिला, तर प्रवाह सोळावा हिस्साच उरतो. दुसऱ्या बाजूने लाप्लासचा नियम काम करतो: धमनी जितकी फुगेल तितका बाहेरच्या वेष्टनावरचा ताण वाढतो. तरीही पुष्कळ रुग्णांचं आतडं वाचतं, कारण शेजारच्या धमन्यांच्या जोडवाटांनी रक्त येत राहतं.

लक्षण फसवं असतं. वेदना प्रचंड, पण तपासताना पोट मऊ लागतं. सोनोग्राफीत आतड्यातली हवा आड येते, त्यामुळे सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे सुटलो असं नाही. निदान होतं ते सीटी अँजिओग्राफीने. शिरेतून रंगद्रव्य सोडल्यावर ते धमन्यांत भरलेलं असतानाच, साधारण अर्ध्या मिनिटात, चित्रं घ्यावी लागतात. सोललेलं अस्तर तेव्हा बारीक काळ्या रेघेसारखं दिसतं. रंगद्रव्याशिवाय काढलेल्या साध्या सीटीत हे सहज निसटतं. काणकोण किंवा वाळपईहून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात निघालात, तर दुखणं कधी आणि कसं सुरू झालं ते नीट सांगा. ‘एका क्षणात सुरू झालं’ हे वाक्य डॉक्टरांना फार उपयोगी पडतं.

उपचार ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. आतड्याला रक्त पोचत असेल तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. काही दिवस तोंडाने खाणं बंद, सलाईन, वेदनाशामक, रक्तदाबावर कडक नियंत्रण. रक्त पातळ करणारी औषधं सगळ्यांना द्यावीत का, यावर डॉक्टरांत एकमत नाही. दुखणं थांबेना किंवा रक्त कमी पडू लागलं, तर जांघेतून किंवा हातातून तार नेऊन स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवतात. आतडं मेलं असेल किंवा धमनी फुटली असेल, तर मात्र तातडीने शस्त्रक्रिया.

घरी सोडल्यावरही सीटी पुन्हा करावा लागतो. खोटी पोकळी कित्येकदा गुठळीने भरून हळूहळू आक्रसते. काहींची मात्र फुगत जाते, आणि ते पोटात काहीच दुखत नसतानाही घडू शकतं.