घासल्यावर फुगणारा डाग

बाळाच्या पाठीवर तपकिरी डाग दिसतात. घरच्यांना ते तीळ किंवा लांछन वाटतं. मग एक दिवस अंघोळीनंतर पंच्याने अंग पुसताना आईच्या लक्षात येतं, की घासलेला डाग लाल होऊन गांध उठल्यासारखा फुगतो आणि काही वेळाने पुन्हा बसतो. त्वचारोगतज्ज्ञ हीच गोष्ट तपासताना मुद्दाम करून बघतात. फ्रेंच डॉक्टर झाँ दारिए यांच्या नावाने ती खूण ओळखली जाते. डाग फुगला, तर त्याखाली रोगप्रतिकार यंत्रणेतल्या मास्ट पेशींची गर्दी असण्याची दाट शक्यता असते. या आजाराचं नाव मॅस्टोसायटोसिस.

मास्ट पेशी आपल्या सगळ्यांच्याच शरीरात असतात. १८७८ साली जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी आपल्या प्रबंधात त्यांना हे नाव दिलं. कणांनी ठासून भरलेल्या या पेशी त्यांना खाऊनपिऊन गुटगुटीत झालेल्या वाटल्या, आणि जर्मन भाषेत ‘मास्ट’चा संबंध पुष्ट करण्याशी आहे. प्रत्यक्षात त्या कणांत हिस्टामिन आणि ट्रिप्टेज यांसारख्या रसायनांचा साठा असतो. तो एकदम बाहेर पडला की खाज सुटते, चेहरा लालबुंद होतो, पोटात कळा येतात, कधी रक्तदाब कोसळतो.

या पेशी बेसुमार का वाढतात, याचं उत्तर बहुतेकदा केआयटी नावाच्या जनुकात सापडतं. वाढीचा संदेश घेणारं प्रथिन या जनुकावरून तयार होतं. त्यातल्या ८१६व्या जागेवर एका अमिनो आम्लाऐवजी दुसरंच बसलं, की संदेश नसतानाही ‘वाढा’ हा हुकूम चालूच राहतो. शरीरभर पसरलेला आजार असलेल्या प्रौढांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांत नेमका हाच बदल असतो. मुलांच्या बाबतीत हा आजार जनुकबदलामुळे नसावा, अशी समजूत बराच काळ होती. २०१० साली फ्रान्समधल्या संशोधकांनी ५० मुलांच्या त्वचेचे नमुने तपासून ती मोडून काढली. ४३ मुलांत केआयटीमध्ये बदल सापडले, पण त्यांतले जवळपास निम्मे ८१६व्या जागेपासून दूर, जनुकाच्या वेगळ्याच भागांत होते.

मला या संशोधनातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती पुढची. जनुकातला बदल असूनही बहुतेक मुलांचे डाग वयात येईपर्यंत फिके पडतात किंवा जातात. प्रौढांचा आजार मात्र सहसा मुक्कामाला येतो आणि अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या रक्त तयार करणाऱ्या गरात, ठाण मांडतो. म्हणून प्रौढांची अस्थिमज्जा तपासावी लागते. मुलांची सरसकट तपासत नाहीत. यकृत-प्लीहा वाढलेली असेल किंवा रक्ताच्या तपासणीत दोष दिसला तरच तो विचार होतो. लेकराच्या हाडात सुई घालण्याआधी डॉक्टरांना ‘याची गरज का?’ हे विचारायचा पालकांना पूर्ण हक्क आहे.

औषधांची वाट सोपी नव्हती. रक्ताच्या एका कर्करोगात क्रांती घडवणारं इमॅटिनिब इथे फारसं चाललं नाही, कारण ८१६व्या जागेच्या बदलाने प्रथिनाचा आकारच असा पालटतो की औषध त्यात बसत नाही. पुढे मिडोस्टॉरिन आलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गंभीर आजाराच्या सुमारे ६० टक्के रुग्णांना त्याचा गुण आला. नंतरचं अवाप्रिटिनिब थेट त्या बदललेल्या प्रथिनावरच नेम धरतं. २०२३ साली अमेरिकेत सौम्य प्रकारच्या प्रौढ रुग्णांसाठीही त्याला मान्यता मिळाली. मुलांना मात्र बहुधा खाजेच्या साध्या गोळ्या आणि वेळ एवढंच पुरतं.

प्रौढांमध्ये आणखी एक धोका असतो. काहींच्या अंगावर एकही डाग नसतो. गांधीलमाशी चावते, अंगावर पित्त उठत नाही, सूज नाही, आणि माणूस थेट बेशुद्ध पडतो. असं घडलं तर चार तासांच्या आत रक्तातलं ट्रिप्टेज मोजून घ्यावं, आणि माणूस पूर्ण बरा झाल्यावर, किमान २४ तासांनी, पुन्हा मोजावं. शांत वेळीही तो आकडा २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर राहिला, तर मास्ट पेशींचा शोध अस्थिमज्जेपर्यंत न्यायला हवा.