व्हेरोनेझेच्या दोन पंगती: काना कुठली, लेवीची कुठली?

सोळाव्या शतकातला इटालियन चित्रकार पाओलो व्हेरोनेझे याची दोन अवाढव्य चित्रं हमखास एकमेकांच्या नावावर खपतात. दोन्हींत संगमरवरी खांबांचा थाट, रेशमी कपड्यांतली गर्दी, वाढपी, कुत्री आणि मध्यभागी येशू. मोबाइलवर छोटा फोटो पाहून कोणीही फसेल.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मोनालिसाच्या समोरच्या भिंतीवर आहे ते 'काना इथलं लग्न' (काना हे बायबलमधलं गाव), 1563 चं. व्हेनिसच्या अकादेमिया कलादालनात आहे ती 'लेवीच्या घरची मेजवानी', 1573 ची. झटपट खूण हवी असेल तर वर बघा: कानाच्या पंगतीवर मोकळं आकाश, लेवीकडे तीन भल्यामोठ्या कमानी.

चमत्कार फक्त 'काना'च्या चित्रात आहे, आणि तोही शोधावा लागतो. लग्नात द्राक्षारस संपतो, येशू सहा दगडी रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस करतो, ही बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट. चित्रात उजवीकडे खाली पिवळ्या कपड्यांतला नोकर रांजणातून ओततोय आणि जवळच एक जण पेला निरखतोय. बस्, एवढंच. उरलेली शंभरावर माणसं आपल्याच नादात. नवरा-नवरी तर पार डाव्या टोकाला! आपल्याकडे मांडवात असं झालं असतं तर रुसवेफुगवे ठरलेले. पण मधली जागा येशूला द्यायची होती. त्याच्या बरोबर वर, कठड्याआड, मांस तोडणं चाललंय. पुढच्या बलिदानाची ती चाहूल मानतात. खाली वादकांच्या टेबलावर वाळूचं घड्याळ आहे. 'माझी वेळ अजून आली नाही,' असं येशू याच लग्नात आईला म्हणतो, ते आठवलं की घड्याळ उगाच ठेवलेलं वाटत नाही.

लेवीच्या चित्रात चमत्कार नाही. गंमत म्हणजे मुळात लेवीसुद्धा नव्हता! ते येशूचं शेवटचं भोजन म्हणून रंगवलेलं होतं. जुलै 1573 मध्ये धर्मन्यायालयाने चित्रकाराला बोलावून विचारलं, की या पवित्र प्रसंगात पोपटवाला विदूषक, घोळणा फुटलेला नोकर आणि जर्मन शिपाई कशाला? कवी आणि वेडे घेतात तेवढी मोकळीक आम्हीही घेतो, असं त्याचं उत्तर. चित्र सुधारण्याचा हुकूम झाला. पठ्ठ्याने लेवीची मेजवानी जिथे येते त्या लूकच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायाचा हवाला चित्रावर लिहिला आणि भोजन जकातदार लेवीच्या घरचं करून टाकलं. विदूषक जागच्या जागी.

काना मूळचं व्हेनिसमधल्याच सान जॉर्जो माज्जोरे मठाच्या भोजनगृहातलं. 1797 मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते पॅरिसला नेलं. मठातल्या त्याच भिंतीवर 2007 पासून हुबेहूब प्रतिकृती आहे, त्यामुळे 'काना मी व्हेनिसमध्ये पाहिलं' म्हणणारा अगदीच थापा मारत नसतो.