पांढऱ्या पेशी : गाठीच्या विरोधात आणि गाठीच्या आश्रयालाही

निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात किंवा खानापूरच्या एखाद्या खेड्यात कोणाला तोंडाचा कर्करोग झाला, की ‘काउंट’ (रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या) हा शब्द घरातल्या सर्वांच्या तोंडी बसतो. केमोच्या आधी रक्त तपासले जाते आणि पांढऱ्या पेशी फार घटल्या असतील तर पुढचा डोस लांबणीवर पडतो. त्यामुळे काउंट जितका जास्त तितकी कर्करोगाशी झुंज चांगली, असा समज होतो. तो बरोबर नाही.

प्रौढ माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. त्यांतील निम्म्याहून अधिक बहुधा न्यूट्रोफिल असतात आणि जीवाणूंना रोखणे हे त्यांचे मुख्य काम असते. केमो झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालत असल्यामुळे अस्थिमज्जेत न्यूट्रोफिलची निर्मिती मंदावते. अशा दिवसांत आलेला ताप साधा समजून, गोळी घेऊन सकाळपर्यंत थांबणे जिवावर बेतू शकते. शहरातला दवाखाना लांब असला तरी रात्रीच निघायला हवे.

कर्कपेशी हेरून मारण्याचे काम मुख्यतः टी-पेशी आणि नैसर्गिक मारक पेशी या पांढऱ्या पेशींतल्याच दोन प्रकारच्या पेशी करतात, आणि त्यांची कामगिरी काउंटच्या आकड्यावरून कळत नाही. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्शो यांना १८६३ मध्येच कर्करोगाच्या गाठींत पांढऱ्या पेशी आढळल्या होत्या. पण त्यांतील सगळ्याच लढत नसतात, हे पुष्कळ उशिरा उलगडले. गाठ रासायनिक संकेत सोडून मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशींना जवळ ओढते, आणि त्यांतील अनेक पेशी पुढे गाठीसाठी नव्या रक्तवाहिन्या वाढवण्यास व टी-पेशींना दडपण्यास हातभार लावतात. शिवाय टी-पेशींवरील, त्यांना आवर घालणाऱ्या पीडी-१ या प्रथिनाला चिकटणारे रेणू कर्कपेशी स्वतःच्या पृष्ठभागावर आणतात आणि हल्ला थोपवतात.

पीडी-१चा शोध लावणारे तासुकू होंजो आणि सीटीएलए-४ या दुसऱ्या रोधक रेणूवर काम करणारे जेम्स ॲलिसन यांना २०१८ चे नोबेल मिळाले. त्यातून आलेली औषधे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहेत. म्हणूनच मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील चाचणी मला फार मोलाची वाटते. डोके-मानेच्या पुढच्या टप्प्यातील कर्करोगात तिथे निवोलुमॅब हे पीडी-१ला अडवणारे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी प्रमाणात, तोंडावाटे घेण्याच्या केमोला जोडून दिले गेले, तेव्हा वर्षभरानंतर हयात असलेल्या रुग्णांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले.