मॅट की शीन, आणि भिंतीला टॉर्च का लावायचा

मागच्या दिवाळीआधी दांडिया बाजारातल्या एका काकूंनी शेड कार्ड हातात घेऊन विचारलं, "दादा, मॅट म्हणजे साधा आणि शीन म्हणजे भारी, असंच ना?" बडोद्यात कलरकामाची कंत्राटं घेणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न दर दुसऱ्या घरी भेटतो. भांडणाचं मूळही बहुतेक वेळा इथेच असतं. घरमालक 'भारी' ऐकून शीन सांगतो, आम्ही शीन मारतो आणि पंधरा दिवसांनी फोन येतो की भिंतीवर लाटा दिसताहेत.

आधी एक घोळ मिटवू. रंगाची प्रत वेगळी आणि फिनिश, म्हणजे सुकल्यावरची चमक, वेगळी. मॅट म्हणजे बिनचमकीचं, शीन म्हणजे हलक्या चमकीचं. स्वस्तातलं शीन मिळतं आणि चांगलं महागातलं मॅटही मिळतं. त्यात प्रत्येक कंपनीची भाषा निराळी. एकीचं सॅटिन ते दुसरीचं सॉफ्ट शीन. आणि शीन म्हणजे ऑइल पेंट नव्हे. चमक म्हटलं की जुन्या लोकांच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातली ती जमिनीपासून चार फुटांची ऑइल पेंटची पट्टी येते. टर्पेंटाइनचा वास मारणारी, काही वर्षांत पिवळी पडणारी. आजचं शीन इमल्शन पाण्यातच कालवायचं असतं, अगदी मॅटसारखं.

मग फरक कशाचा? बेसनाचे लाडू वळलेल्या माणसाला हे लगेच कळेल. रंगात एक असते पूड: पांढरेपणा आणि झाकण देणारा टिटॅनियम डायऑक्साइड, शेडची रंगद्रव्यं, शिवाय खडू किंवा टाल्कसारखा भराव. दुसरा असतो बाइंडर, म्हणजे ही पूड एकमेकांना आणि भिंतीला धरून ठेवणारा चिकट भाग. बाइंडर म्हणजे लाडवातलं तूप. तूप भरपूर असेल तर लाडू गुळगुळीत, तुकतुकीत होतो, ते शीन. पूड जास्त असेल तर पृष्ठभाग बारीक खरखरीत राहतो, ते मॅट. आणि तूप इतकं कमी घातलं की बेसनाच्या कणांमधल्या फटीसुद्धा भरत नाहीत, तर लाडू हातात भुगा होतो. हलक्या प्रतीच्या मॅटवरून हात फिरवल्यावर तळव्याला जी पांढरी पूड लागते, ती यामुळे. चांगल्या मॅटमध्ये पुरेसा चिवट बाइंडर असतो आणि चमक मोडायला बारीक सिलिका घातलेली असते. म्हणून ते महाग पडतं, आणि पुसताही येतं.

उजेडाचं काम यावरून ठरतं. गुळगुळीत भिंत उजेड एकाच दिशेने परत फेकते, खरखरीत भिंत तो चहूकडे विखुरते. मोजायला ग्लॉसमीटर नावाचं छोटं यंत्र असतं. त्यात काळ्या काचेची चमक १०० धरतात आणि भिंतीवर ठरावीक कोनातून उजेड टाकून आकडा वाचतात. युरोपच्या मानकात ६० अंशांच्या कोनातून ६० किंवा त्याहून जास्त आकडा आला तर ग्लॉस, ८५ अंशांतून १०च्या खाली आला तर मॅट आणि मधलं सगळं शीनच्या घरातलं. ८५ अंश म्हणजे जवळजवळ भिंतीला गाल टेकवून पाहणं. लांबट पॅसेजच्या टोकाला उभं राहिलं की आपण नेमकं तसंच बघत असतो, म्हणून तिथे मॅट भिंतसुद्धा किंचित चमकल्यासारखी वाटते. ती रंगाची फसवणूक नाही, हे मी आता काम सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवतो.

इथल्या बडोद्याच्या कीर्ती मंदिरात चित्रकार नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत, १९३९ ते १९४६ या काळातली. ती बघताना कुठेही उभे राहा, चित्रावर उजेडाचा चकाका येऊन अर्धं चित्र पुसल्यासारखं होत नाही. मॅटचं मोठेपण एवढंच, पण ते थोडं नाही.

आता त्या काकू. हॉल पश्चिमेचा, मोठी खिडकी भिंतीला अगदी लागून. मला शंका आली होती, पण "धुता आलं पाहिजे, नातवंडं आहेत" या वाक्यापुढे मी गप्प बसलो. शीन मारलं. सकाळी दहाला त्यांनी भिंत पाहिली आणि खूश होऊन कारागिरांना चहा दिला. दुपारी चारला ऊन खिडकीतून भिंतीला घासून आत आलं आणि सगळं उघडं पडलं: पुट्टीच्या पत्र्याचे आडवे पट्टे, स्विचबोर्डाभोवतीचा फुगवटा, जुन्या खिळ्याचं भोक भरलं होतं तिथे रुपयाएवढा खळगा. काकू म्हणाल्या, "हे सकाळी नव्हतं." खरं म्हणजे ते गवंड्याने गिलावा केला त्या दिवसापासून होतं. इतकी वर्षं वर डिस्टेंपर होता, त्याने झाकून ठेवलं होतं.

शीन गवंड्याची चूक दाखवतं आणि मॅट घरच्यांची, असं मी तेव्हापासून म्हणतो. खाचखळगे मॅटमध्ये लपतात, पण हाताचे डाग, सोफ्याच्या पाठीचं घासणं, डोक्याच्या तेलाचा गोल हे सगळं त्यावर उमटतं. शीनमध्ये डाग ओल्या फडक्याने निघतात, पण खाली भिंत सपाट लागते. त्या हॉलची ती एक भिंत मी पुन्हा घासून मॅट केली, रंग काकूंचा आणि मजुरी माझी. कडू वाटलं, पण न बोलल्याचा दंड होता तो.

आता पुट्टी झाली की मी दिवसाही खोली अंधारी करायला लावतो आणि टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा फिरवतो. समोरून मारलेल्या उजेडात भिंत नेहमी चांगलीच दिसते. चिकटवलेल्या टॉर्चमध्ये केसाएवढी कडही लांब सावली पाडते. पेन्सिलीने तिथे गोल करायचा, पुट्टी भरायची, १८०चा आणि मग ३२०चा पॉलिश पेपर मारायचा, पुन्हा टॉर्च. शीन महाग पडतं ते खरं या दोन-तीन दिवसांमुळे. डब्याच्या किमतीतला फरक त्यापुढे किरकोळ. दर विचारताना मात्र लोक डब्याचीच किंमत विचारतात, आणि जो कंत्राटदार दोन्हींचा चौरस फुटाचा दर एकच सांगतो तो एक तर भिंत नीट करणार नाही किंवा तोट्यात जाईल.

हल्ली ऊनच लागतं असंही नाही. पीओपीच्या सीलिंगमध्ये कोव्ह लाइट, म्हणजे खाचेत लपवलेले दिवे, आणि भिंतीलगत एलईडीची पट्टी लावायची फॅशन आहे. तो उजेड रात्रभर भिंतीला घासत खाली उतरतो. म्हणून इंटिरिअरवाल्याचा दिव्यांचा नकाशा पाहिल्याशिवाय मी फिनिश पक्कं करत नाही. सीलिंग मात्र कायम मॅट, त्यावर चर्चा नाही.

शेडचंही ऐका. एकाच नंबरची गडद निळी मॅटमध्ये आणि शीनमध्ये मारली तर दोन वेगळे रंग वाटतात. मॅटच्या खरखरीत पृष्ठभागावरून पांढरा उजेड विखुरतो आणि रंगावर साय आल्यासारखा तो थोडा फिकट, खडूसारखा दिसतो. शीनमध्ये तोच जास्त खोल आणि गडद. शेड कार्डावरचा दोन बोटांचा चौकोन हे काही सांगत नाही. त्यासाठी खऱ्या भिंतीवर निदान तीन फूट बाय तीन फुटांचा नमुना मारून सकाळी, चारच्या उन्हात आणि रात्री घरच्याच दिव्यांत बघायचा. दुकानातल्या ट्यूबखाली ठरवलेली शेड घरी आल्यावर बदलते, याचा दोष दुकानदाराला देऊन उपयोग नाही.

टिकाऊपणाबद्दल लोकांचा समज सरसकट 'शीन जास्त टिकतं' असा असतो. पुसण्यापुरता तो बराचसा बरोबर आहे. देवघराच्या भिंतीवर उदबत्ती-निरांजनाची काजळी, स्वयंपाकघरात फोडणीचे शिंतोडे, मुलांच्या खोलीत क्रेयॉन, अशा ठिकाणी मी शीनच सांगतो. मॅटवर डाग जोरात घासला तर डाग जातो, पण खरखरीतपणा घासला जाऊन तिथे चमकता ओरखडा राहतो, आणि गडद शेडमध्ये तो दारातूनच दिसतो. एका घरी काळपट हिरव्या मॅट भिंतीशेजारी शाळेची दप्तरं टेकवायचे. वर्षभरात दप्तरांच्या उंचीवर तुकतुकीत पट्टाच झाला होता. कोणतंही फिनिश असो, पहिले तीन-चार आठवडे फडकं लावायचं नाही. हाताला सुकलं म्हणजे आतून पक्कं झालं असं नसतं, आणि दिवाळीच्या आठ दिवस आधी काम संपलं की पाहुणे गेल्यावर पुसापुशी ठरलेलीच असते.

ओल हा वेगळाच विषय. २०२४च्या ऑगस्टमध्ये इथली विश्वामित्री नदी चढली आणि कित्येक तळमजल्यांत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर सगळ्यांना घाई, "धुता येणारा मारा, पुन्हा पाणी आलं तर पुसून टाकू." भिंतीच्या आत पाणी असताना वरून शीनचा बंद थर दिला की आतली वाफ बाहेर पडायला जागा शोधते आणि फोड येतात. मॅटमधून ती जरा बरी निघते, पण ओल्या भिंतीवर मॅटचेही पोपडे निघतातच. तेव्हा मी दोन-तीन कामं सरळ नाकारली.

डागडुजीत मॅट निःसंशय सरस. इलेक्ट्रिशियनने पॉइंट हलवला, हातभर भिंत फोडली. मॅट असेल आणि तोच डबा शिल्लक असेल तर रोलरचा एक हात मारून भागतं, निदान हलक्या शेडला. शीनमध्ये त्या तुकड्याची चमक आजूबाजूशी जुळत नाही आणि गोधडीला ठिगळ लावल्यासारखं दिसतं. तिथे या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत मारावी लागते. शीन मारतानाही भिंत मध्येच सोडून जेवायला जायचं नसतं. मे महिन्यात इथे पारा चाळिशीपार असतो, रोलरची कड बघता बघता सुकते आणि जोड दिसतो. पंखा बंद ठेवायला सांगितलं की कारागीर कुरकुरतात, पण इलाज नाही.

म्हणून कोटेशनमध्ये मी आता नुसतं 'इमल्शन, दोन हात' लिहीत नाही. खोलीवार फिनिश लिहितो, टॉर्चची तपासणी कोणत्या टप्प्यावर होईल ते लिहितो, आणि टचअपमध्ये काय धरलंय, काय नाही, तेही. शेवटी उरलेला रंग छोट्या डब्यात घट्ट बंद करून त्यावर खोली, शेड नंबर, फिनिश आणि तारीख टाकून घरमालकाकडे देतो. दांडिया बाजारच्या काकूंनी परवा टचअपसाठी बोलावलं तेव्हा पहिला प्रश्न मी डब्याचा केला. डबा गच्चीवर निघाला, त्यात कढीपत्ता लावलेला होता. "रंग वाळून जाईल म्हणून टाकून दिला हो," काकू म्हणाल्या. लेबल मात्र शाबूत होतं, त्यावरून शेड नंबर उतरवून घेतला.