80 टक्के भूमिपुत्र आणि महापालिकेचा न होणारा दंड

“तुर्भे-महाप्यातल्या कंपनीने 80 टक्के स्थानिक कामावर घेतले नाहीत, तर महापालिका दंड ठोकते, टाळंही लावते.” निवडणूक जवळ आली की नवी मुंबईत हे हमखास फिरतं. तसं काही नाही.

मुळात ही अट महापालिकेची नाही, आणि तो कायदाही नाही. तो राज्य सरकारचा शासन निर्णय आहे. 1968 पासूनचं हे धोरण 2008 मध्ये नव्याने निघालं: पर्यवेक्षकीय जागांवर 50 टक्के स्थानिक, बाकी जागांवर 80. ‘स्थानिक’ म्हणजे ऐरोली-घणसोलीचा गाववालाच असं नव्हे बरं का. त्यासाठी महाराष्ट्रातलं 15 वर्षांचं वास्तव्य बघितलं जातं.

मग धाक कशाचा? सरकारी सवलती रोखण्याचा. ज्या कंपनीने सवलत घेतलीच नाही, तिचं काय रोखणार? दंड आकारायचा तर विधिमंडळाचा कायदा लागतो. हरियाणाने 75 टक्क्यांचा तसा कायदा केला होता. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये तो घटनाबाह्य ठरवला.

तेव्हा महापालिकेच्या विभाग कार्यालयात तक्रारीवर शिक्का मारून घेण्यात दिवस घालवू नका. सवलती घेणाऱ्या कारखान्याबद्दलची तक्रार ठाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात द्या.