कार्यसंघ-बांधणी

एका उद्दिष्टासाठी एकमेकांच्या कामावर अवलंबून असलेल्या माणसांचा गट उभा करणे आणि तो सातत्याने उत्तम काम करील अशी व्यवस्था लावणे, म्हणजे कार्यसंघ-बांधणी. एका साहेबाच्या हाताखाली आपापली कामे स्वतंत्रपणे करणाऱ्यांचा विभाग होतो. त्यांना संघ म्हणून बसवले तर नुसत्या बैठका वाढतात.

संघशास्त्राचे अभ्यासक रिचर्ड हॅकमन यांच्या ठोकताळ्यानुसार यशाचा सुमारे ६० टक्के भाग पूर्वतयारीवर, ३० टक्के प्रारंभावर आणि जेमतेम १० टक्के नंतरच्या मार्गदर्शनावर ठरतो. मांडणीच फसली असेल, तर सहलीने किंवा प्रेरणादायी भाषणाने ती सुधारत नाही.

सदस्यसंख्या चार ते आठ असावी. पाच जणांत दोघादोघांचे १० दुवे असतात, आठांत २८, तर बारांत ६६; प्रत्येक दुव्यावर निरोप अडकू शकतो. फ्रेंच अभियंता माक्स रिंगेलमान यांच्या १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या दोर ओढण्याच्या प्रयोगांत माणसे वाढत गेली तसतसा दरडोई जोर कमी होत गेला.

पहिल्याच बैठकीत उद्दिष्ट एका पानावर उतरवावे. ‘ग्राहकसेवा सुधारू’ असे लिहिले की प्रत्येक जण सोयीचा अर्थ लावतो. ‘तक्रारीला २४ तासांत पहिले उत्तर, सात दिवसांत निकाल’ असे लिहिले की कोण कुठे अडले ते दिसते. त्याच पानावर प्रत्येक कामापुढे एकाच व्यक्तीचे नाव असावे. दोन नावे असली की दोघेही दुसऱ्यावर विसंबतात. कोणते निर्णय संघ परस्पर घेईल आणि कोणते वर विचारावे लागतील, हेही आधीच ठरवावे. ही नोंद सर्वाधिक वेळा राहून जाते आणि कामे नेमकी तिथेच रखडतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये संघाच्या वाटचालीचे चार टप्पे मांडले: जुळणी, खडाजंगी, घडी बसणे आणि कामगिरी. खडाजंगी दिसताच नेत्याने मतभेद दाबले, तर ते बैठकीबाहेर कुजबुजीत जातात.

संघांच्या वर्तनाच्या अमेरिकी अभ्यासक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांच्या अभ्यासात चांगल्या संघांत औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या. तिथे चुका अधिक होत होत्या असे नव्हे, तर त्या उघडपणे बोलल्या जात होत्या, असा उलगडा त्यांनी केला. १९९९ मध्ये त्यांनी या मोकळेपणाला ‘मानसिक सुरक्षितता’ म्हणून संघाच्या शिकण्याशी जोडले. हा मोकळेपणा फार छोट्या गोष्टींवर टिकतो. ‘काही अडचण नाही ना?’ असे विचारले की ‘नाही’ हेच उत्तर येते. ‘यात कुठे गडबड होऊ शकते?’ असे विचारले की माणसे बोलू लागतात. नेत्याने स्वतःचे मत शेवटी सांगावे. वाईट बातमी आणणाऱ्याला एकदा जरी चारचौघांत झापले, तरी पुढची बातमी उशिराच कळते.

रोज १५ मिनिटांचा आढावा आणि दर दोन आठवड्यांनी कामाच्या पद्धतीवर तासभर चर्चा पुरते. चर्चेतून एक-दोनच बदल निवडावेत. दहा ठरवले तर एकही होत नाही.

काम संघाचे आणि मूल्यमापन मात्र एकट्याच्या क्रमवारीवर, ही सर्वात घातक विसंगती. सहकाऱ्याला मदत केल्याने स्वतःचा क्रमांक घसरणार असेल, तर माहिती अडवली जाणारच. दुसरा दोष म्हणजे हुशार सदस्यावरच कामाचा ढीग टाकणे: तो थकतो, बाकीचे शिकत नाहीत आणि तो रजेवर गेला की काम ठप्प होते. म्हणून प्रत्येक महत्त्वाचे काम किमान दोघांना येत असावे, पण त्याची जबाबदारी एकाचीच राहावी.